बिनलेबलाच्या सहा बाटल्या

१ सप्टेंबर, सोमवार

काल घरात गौरी आल्या आणि त्याच दिवशी दुपारच्या विमानानं आमची लेक संयोगिता आली. आक्कानं सगळ्यांना एकाच ताटानं ओवाळलं.

ही वही पोरीनं दिली. म्हणाली, "आबा, रोज जे चाखाल ते ह्यात लिहायचं. चहा असो, आमटी असो. आधी वास, मग चव." मी म्हटलं, चौतीस वर्षं मार्केट यार्डात गुळाची पारख केली, एक ओळ लिवली न्हाय, सगळं जिभेवर होतं. तर म्हणते, "जिभेवरचं जिभेवरच राहिलं, म्हणून तर सांगतेय." चार वर्षांत लै शहाणी झालीय.

तर लिहितो. पुरणपोळी: वेलदोडा जादा, पुरण मऊ, गूळ राधानगरीकडचा, जरा जास्त शिजलेला. सकाळचा चहा: आलं भरपूर, साखर कमी. साखर आक्कानं मुद्दाम कमी घातली. आक्का माझी थोरली बहीण. संयोगिताची आई गेली त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून हे घर तीच चालवते आणि मलाही तीच चालवते.

पोरगी इटलीत वाइन करायचं शिकायला गेली. शिक्षण दोन वर्षांत संपलं, पण ही तिथंच लुचिया नावाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या मळ्यावर कामाला राहिली. परतीचं तिकीट तेवीस तारखेचं आहे, कारण ऑक्टोबरात द्राक्षं तोडणीला येतात म्हणे. मी तिला परत जाऊ देणार नाही. आरडाओरडा करून नव्हे, युक्तीनं. आमच्या ओळखीच्या अमरसिंहच्या हायवेवरच्या हॉटेलात वरचा हॉल रिकामा पडलाय. तिथं पोरीला वाइनचा कारभार थाटून द्यायचा. कोल्हापुरात असलं काही नाही. ती पाहुण्यांना समजावून सांगणार, मी चाखणार. अजून तिला यातलं काही बोललेलो नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज पहिली इटालियन दारू चाखली. दारू म्हटलं की पोरगी डोळे वटारते, म्हणून वाइन. ही सरावाची साधी बाटली. खऱ्या सहा वेगळ्या आहेत. त्या बारोलो नावाच्या गावाजवळच्या, एकाच मळ्यातल्या, पण सहा वेगवेगळ्या सालांच्या. दोन हजार दहा, तेरा, चौदा, सोळा, सतरा आणि बावीस. जमीन तीच, वेल तेच, फक्त साल बदललं की चव बदलते, आणि ती बदललेली चव ओळखायची. मी म्हटलं, ह्यात नवीन काय, गुळाचं तेच आहे.

भूपालला बोलावलं होतं. भूपाल गुळाचा अडत्या, माझा चाळीस वर्षांचा दोस्त. जैन माणूस, दारूला शिवत नाही, पण यार्डात त्याच्यासारखं नाक दुसरं नाही. म्हणाला, "पीत न्हाय मी. वास घ्यायला कुणाची बंदी हाय?" आणि ग्लासात नाक घालून बसला.

संयोगितानं सांगितलं की ह्या द्राक्षाच्या वाइनला डांबर आणि गुलाब असा वास येतो असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. मी म्हटलं, डांबराचा वास आमच्यात फुकट मिळतोय, दर निवडणुकीच्या आधी. ती म्हणाली, पुस्तकातलं सोडा, तुमचं सांगा. मग मी सांगितलं. आधी जांभूळ. मग नवं कातडं, चप्पल लाईनीत शिरल्यावर येतो तो वास. शेवटी हिरड्या आवळल्या, कच्चं केळं चावल्यागत. भूपाल म्हणाला, "देवळातल्या कालच्या फुलांचा वास हाय." पोरीनं दोन्ही गोष्टी स्वतःच्या वहीत लिहून घेतल्या. म्हणाली, "हे लुचियाला सांगायला पाहिजे."

भूपाल ताठ मानेनं घरी गेला. घरी सांगणार नाही म्हणाला.

८ सप्टेंबर, सोमवार

गणपती बोळवले, घर रिकामं वाटतंय. म्हटलं हीच वेळ. संयोगिताला हॉलचा बेत सांगितला. अमरसिंहला सहा सालांची वाइन चाखायला बोलवू, मी एकेक साल ओळखून दाखवतो, तो खूश झाला की हॉल आपला. ती ऐकत होती. ऐकताना भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, पण खात नव्हती. शेवटी म्हणाली, "बघू, आबा."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे अर्धा होकार. तिची आई सुद्धा लग्नाला 'बघू'च म्हणाली होती.

दुपारी लुचियाबाईचा फोन आला. रोजच येतो. पोरगी गच्चीवर जाऊन अर्धा तास बोलते. मालकिणीनं सुट्टीत एवढा फोन करू नये, माणसाला घरी काय बोलायचं असतं ते राहून जातं. खाली आली तेव्हा म्हणाली, "आमच्याकडं यंदा ऊन चांगलं पडलंय." मी म्हटलं, कुठं, इथं तर ढग आहेत. तर हसली नुसती.

आजचं चाखणं: शेंगा, जरा जास्त भाजलेल्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अमरसिंह येऊन गेला. वीस तारीख ठरली, शनिवार, दुपारी चार. अमरसिंहचं बोलणं म्हणजे दगडफेक. "उदयसिंह, आंबट दारू कोण पिणार हितं? आमच्याकडं लोकं मटणाबरोबर ताक पित्यात." मी म्हटलं, ये तर खरं. सहा ग्लास ठेवतो, सहाही सालं क्रमानं लावून दाखवतो. न्हाय लागली तर परत हॉलचं नाव काढत न्हाय. "आणि लागली तर?" लागली तर हॉल पोरीचा. त्यानं हातावर हात मारला.

आक्कानं खोडा घातला. "पितृपाठात नवं काम काढतंय कोण?" मी म्हटलं, काम न्हाय काढत, चव बघतोय. आक्का म्हणाली, "तिला इचारलास?" विचारलं की, 'बघू' म्हणाली. आक्का उठून देवघरात गेली, आणि आक्का वाद अर्धा टाकून गेली की मला बरं वाटत नाही.

सहा बाटल्या मधल्या खोलीत तांदळाच्या पिंपामागं उभ्या आहेत, तिथं गार असतं. मी बघायला गेलो. पाचांवर एका जुन्या घराचं चित्र आणि साल. सहावी पोरीनं तिच्या उपरण्यात गुंडाळून ठेवलीय. ती सोडायला लागलो तर म्हणाली, "आबा, ती शेवटी." बरं, शेवटी तर शेवटी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

संयोगिता दोन दिवस मामाकडं गडहिंग्लजला गेली. एसटीत बसवताना म्हणाली, "आबा, आले की तुमच्याशी एक बोलायचंय." मी म्हटलं, हॉलमध्ये खुर्च्या कसल्या टाकायच्या तेच ना, बोलू की. तिनं खिडकीतनं नुसता हात हलवला.

आक्कानं नवरात्राची धुणी काढली. घट बसायच्या आधी आमच्या घरात चमच्यापासून वाकळेपर्यंत सगळं धुवून निघतं. न धुतलेला फक्त मी राहतो, आणि मलाही आज दोनदा अंघोळीला पाठवलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

सत्यानाश झाला.

सकाळी यार्डात भूपालकडं गेलतो. बाराला परत आलो तर गच्चीवर लोणच्याच्या बरण्या, पितळी डबे, समया, सगळं ओळीनं वाळत घातलेलं, आणि शेवटाला सहा बाटल्या. लखलखीत. एकीवरही कागदाचा कपटा नाही. मानेवरची सरकारी पट्टीसुद्धा नाही. उपरणं दोरीवर वाळत होतं.

"आक्का, हे काय केलंस?"

"धुतल्या. सकाळपास्नं सोड्याच्या पाण्यात भिजत घातलत्या. लै चिकट कागद, नखानं खरवडाय लागले."

"त्यावर साल लिवलेलं असतंय गं."

"मग? आत हाय ते हायच की. कागद गेला म्हणून आतलं बदललं व्हय?"

बाटल्या उचलून परत पिंपामागं ठेवल्या. नशीब, ढग होते, ऊन लागलेलं नाही. मग मोरीवर बसून जाळीतला लगदा चिवडला. एक कपटा सापडला, त्यावर वीसचा आकडा होता. सहाही सालं वीसनंच सुरू होतात.

सारख्याच काचेच्या सहा बाटल्या, बुचावरसुद्धा साल नाही. अमरसिंहपुढं कुठली बाटली कुठली म्हणून ठेवू? चौतीस वर्षांत यार्डात कुणी माझ्याकडं बोट दाखवलं नाही. आणि ते राहू दे. हॉल हुकला तर पोरगी जाणार. आक्कावर ओरडायचं होतं, पण ती बासष्ट वर्षं माझ्यावर ओरडतेय, आता सवय मोडत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

भूपालला तातडीनं बोलावलं. त्यानं एकेक बाटली खिडकीच्या उजेडाला धरली. ज्यात गाळ जादा ती जुनी, असा अंदाज बांधून आम्ही सहाही ओळीनं लावल्या. मग त्यालाच शंका आली. "आक्कानं घासताना हलीवल्या असतील. गाळ फुटला असणार. न्हाय पटत मला." बूच बंद असताना त्याचं नाकही कामाचं नाही.

तरी मी कागदाच्या सहा चिठ्ठ्या कापल्या, त्यावर सालं घातली आणि डिंकानं डकवल्या. माझ्या अक्षरात इटलीचं साल. भूपाल बघत उभा होता. म्हणाला, "लेका, शेतकऱ्याच्या गुळाच्या रव्यावर कधी खोटी चिठ्ठी लावली न्हाईस. आता पोरीच्या बाटलीवर लावतोयस."

चिठ्ठ्या काढल्या. डिंक निघेना, आक्काकडनं सोडा मागून घेतला. तिनं डबाच पुढं सरकवला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पोरगी काल संध्याकाळी आली. आज सकाळी तिला सगळं सांगून टाकलं. एका दमात. मधे थांबलो असतो तर राहून गेलं असतं.

ती म्हणाली, "सहाव्या बाटलीचं पण?"

सहाच्या सहा, म्हटलं.

"ती उपरण्यातली पण?"

व्हय, ती पण. पोरगी पिंपावर बसली. तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, बावीस सालची महाग असणार. म्हटलं, मी भरून देतो, लुचियाबाईला फोन लाव, मी माफी मागतो, तू फक्त इंग्रजीत सांग. तिनं नको म्हणून मान हलवली. मग आक्काला विचारलं, "आत्ती, धुताना त्यावरचं वाचलं होतंस?"

"चष्मा न्हवता," आक्का म्हणाली. ती वाती वळत होती आणि चष्मा नाकावरच होता, पण तो आजचा.

आणि मग पोरगी हसायला लागली. डोळ्याला पाणी येईस्तोवर हसली. म्हणाली, "आबा, बरं झालं. आता लेबल बघून कोण खोटं बोलणार न्हाय. उद्या असंच चाखायचं. मला तर वासावर सगळ्या ओळखू येतील, पण मी सांगणार न्हाय. तुम्ही ओळखायचं." मी म्हटलं, आणि चुकलो तर? ती म्हणाली, "चुकलात तर चुकलात. पण जे वाटंल तेच बोलायचं. मला कबूल करा."

कबूल केलं. बोलायचं म्हणाली होती ते काय, विचारलं, तर म्हणाली उद्या चाखून झाल्यावर.

आज काही चाखलं नाही. उद्यासाठी जीभ कोरी ठेवलीय.

२१ सप्टेंबर, रविवार, सकाळ

काल लिहायला बसलो नाही. आज सगळं क्रमानं लिहितो, एक शब्द न गाळता.

सकाळीच पोरीनं सहाही बाटल्या उघडून ठेवल्या, हवा लागायला. अमरसिंहनं हॉटेलातनं चोवीस ग्लास पाठवले. चारला तो आला, पांढरा शर्ट घालून, जणू सोयरीक बघायला. भूपाल आधीच येऊन बसलेला. टेबलावर पांढरी चादर, प्रत्येकापुढं सहा ग्लास, ग्लासाखाली कागद नाही, काही नाही. ओतायचा क्रम पोरीनं आपल्या मनानं लावला. आक्का स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसली. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी हा धंदा बघायला लागतोय म्हणून कुरकुरत होती, पण उठली नाही.

पहिला ग्लास घेतला. कडेला विटकरी रंग, वास लांबनं आल्यासारखा. तोंडात घेतला, फिरवला, पिकदाणीत टाकला. हिरड्या आवळल्या नाहीत. सगळं एकजीव झालेलं. म्हटलं, ही म्हातारी. दहा सालची. पोरीनं वहीत खूण केली, तोंडावर काही दिसू दिलं नाही.

दुसरा ग्लास अंगानं हडकुळा होता. पण चवीत खोट नव्हती. मी म्हटलं, "त्या साली पाऊस लै झाला असणार. पाण्यात उभ्या ऱ्हायलेल्या उसाचा गूळ असाच लागतोय. अंग भरत न्हाय, पण खोटं बोलत न्हाय. ही चौदा." अमरसिंह शेंगदाणे चावत होता तो थांबला. पोरीला म्हणाला, "खरं हाय?" ती म्हणाली, "त्या वर्षी उन्हाळाभर पाऊस. गारपीट पण झालती."

तिथनं मग मला धीर आला. तिसरा ग्लास तापलेला, पिकून मऊ पडलेल्या फळाचा. उन्हाळ्याचं साल. सतरा. चौथा आणि पाचवा मला जड गेले. दोन्ही बांधेसूद, दोन्हींत दम. मी चौथा तेरा म्हटला आणि पाचवा सोळा. भूपालनं दोन्हींत नाक घातलं आणि म्हणाला, "उलटं हाय. हिच्यात वाळलं फूल जादा, ती थोरली." मी त्याला गप्प बसवलं. पिणाऱ्याला कळतं की हुंगणाऱ्याला? शेवटी कळलं की भूपालच बरोबर होता. तो हे मला मरेपर्यंत ऐकवणार आहे.

उरला सहावा. साल उघडच होतं, बावीस. पण पोरीनं चाखायला लावला. म्हणाली, "साल सोडा, आबा. माल कसा हाय सांगा." उभी राहिली होती आणि खुर्चीची पाठ धरली होती.

चाखला. एकदा टाकला, परत घेतला. मग मी बोललो ते असं, जसंच्या तसं लिहितो.

"ही कुणी नवख्यानं केलीय. बाकी पाच एका हाताच्या, ही दुसऱ्या हाताची. द्राक्षाच्या सालीचा अर्क जादा उतरलाय. घाबरून साल रसात जास्त दिवस ठेवलीय, जरा आधी काढाय पायजे होती. चूक हाय. पण पुढं बघा. नवा गुळव्या काहिलीवर चुकला की पावडर टाकतोय, रंग सुधारून घेतोय, चूक झाकतोय. ह्यानं झाकलेली न्हाय. चूक दिसू दिलीय आणि बाकीचं काम नीट केलंय. शेवटाला चव बघा कशी सरळ उतरतीय. हा हात खरा हाय."

अमरसिंहला आता वाइनची नव्हे, सौद्याची गोडी लागली होती. म्हणाला, "मग ह्या माणसालाच हितं आणू की. नाशकाकडनं द्राक्षं आणू, हॉलच्या मागं जागा देतो, करू दे हितंच."

आणि मी म्हणालो, "न्हाय. ह्याला उठवू नका. ही अजून धा वर्षं पिकणार हाय, आणि हा माणूसपण. त्या मातीत, त्याच वेलांवर, पाच-सात हंगाम त्यानं एका जाग्यावर काढाय पायजेत. मधनंच उठवून आणला तर ना हितला ऱ्हाईल ना तितला. ज्याचा कोण असंल त्यानं त्याला तिथं ऱ्हाऊ द्यावं."

पोरगी खाली बसली. रडत होती. मला कळेना, मी काय वाईट बोललो.

दारातनं आक्का म्हणाली, "बोललास न्हवं चारचौघांत? आता ऐक."

मग संयोगितानं सांगितलं. बावीस साली, शिकता शिकता तिथं तोडणीला गेलेली तेव्हाच, लुचियाबाईनं तिला एक पिंप दिलं होतं, तुझं तू कर म्हणून. ती ही. लेबल लुचियाबाईनं स्वतः छापून घेतलं होतं, त्यावर नाव मराठीत, संयोगिता. बाई थकलीय, पोटी कुणी नाही. वाइनच्या तळघराचा सगळा कारभार हिनं बघावा म्हणतेय, कायमचा, आणि तोडणीच्या आधी उत्तर पाहिजे. पोरगी तीन आठवडे ते मला सांगायला बघत होती. शेवटची बाटली मी हातात घेईन, नाव वाचेन, आणि मग बोलणं आपोआप निघेल, असा तिचा बेत होता.

तेवढ्यात माझी जीभ उचलली होती. खोटं कशाला लिहू. म्हणणार होतो, थांब, परत चाखतो, आधी नीट लागलं नाही. पण समोर भूपाल होता आणि अमरसिंह होता. सौद्यात पारख्यानं शेतकऱ्यासमोर आणि अडत्यासमोर एकदा शब्द टाकला की तो फिरवत नाहीत. भूपाल माझ्याकडं बघत होता.

मी म्हटलं, "तारीख किती तोडणीची?"

पोरगी म्हणाली, "पाच ऑक्टोबरच्या आसपास."

"मग तेवीसला जायाच पायजे."

एवढंच. त्यावर ती माझ्या गळ्यात पडली आणि माझी इस्त्री गेली. अमरसिंह म्हणाला, "म्हणजे हॉल गेला." मग त्यानं सतरा सालची उरलेली वाइन मागून घेतली आणि म्हणाला आंबट आहे पण वाईट नाही, पोरगी वर्षाला सुट्टीवर येईल तेव्हा एक दिवस हॉल देतो, बाकी दिवस मटणाची पंगतच बरी.

रात्री झोप लागली, ह्याचं मलाच नवल वाटलं. पण सकाळी उठलो तर छातीत दुखल्यासारखं होतं. डॉक्टरचं नव्हे. पोरगी जाणार, आणि मीच पाठवली.

आक्काला विचारलं, तुला ठाऊक होतं का. म्हणाली, "पोरगी गच्चीवर काय बोलतीय ते गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्याला कळतंयच की." इटालियनमध्ये बोलत होती, म्हटलं. तर म्हणाली, "रडणं मराठीतच हुतं."

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले. आज पोरगी गेली.

उजळाईवाडीच्या विमानतळावर मीच सोडायला गेलो. आक्का येत नाही, ती निरोप घरातच देते, दह्याची कवडी हातावर ठेवून. पोरीच्या पिशवीत चटणी, भडंग, आणि भूपालनं दिलेला गुळाचा एक रवा. एवढा मोठा रवा विमानात कसा न्यायचा म्हणाली, तर भूपालनं घरनंच कापून आणलेला निघाला, पाव पाव किलोचे तुकडे, एकेक कागदात बांधून.

आत जायच्या आधी थांबली. म्हणाली, "आबा, खरं सांगा. लेबल असतं, त्यावर माझं नाव दिसलं असतं, तर काय बोलला असता?"

मी विचार केला. तिला 'जे वाटंल तेच बोलायचं' असं कबूल केलेलं, ते संपलं असं कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "चूक हाय, एवढंच बोललो असतो. सालीचा अर्क जादा उतरलाय, तुला जमायचं न्हाय, चल घरला. पुढचं गिळलं असतं."

तिनं पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केला. म्हणाली, "आणि मला ते पटलं असतं."

मग पाया पडली आणि आत गेली. काचेतनं दिसेस्तोवर मी उभा होतो. गाडी काढली, सावकाश चालवत घरी आलो. आक्का देवघरासमोर घटाला पाणी घालत होती. मी चपला काढल्या, आत गेलो आणि वाकून तिच्या पाया पडलो. तिनं तांब्या खाली ठेवला, चष्मा वर केला आणि मला नीट बघितलं.

"आज काय हाय रं?" म्हणाली.

नवरात्र हाय, म्हटलं.